पोटभर जेवलेला पोपट

मागच्या आठवड्यात आमच्या वाचनालयाच्या फळ्यावर एका व्याख्यानाची सूचना लागली होती. ‘पोपटांना न मारता, न दटावता, बक्षीस देऊन शिकवण्याची पद्धत या शहरात पहिल्यांदा रुजवणारे तज्ज्ञ’ असं लिहून खाली एका दुकानदाराचं नाव होतं. मी ती सूचना उभ्या उभ्या दोनदा वाचली आणि तळपायाची आग मस्तकात गेली. पहिल्यांदा रुजवणारे म्हणे! ज्या माणसाने स्वतःच्या पोपटांना दीड-दीड दिवस उपाशी ठेवलं तो तज्ज्ञ, आणि जिच्याकडून ही पद्धत त्याच्या दुकानात पोचली ती माझी मावशी कुठेच नाही. तेव्हा काय झालं ते मीच सांगते. मी तिथे होते.

माझी मावशी किल्ल्या बनवते. एका व्यापारी इमारतीच्या जिन्याखाली तिची टपरी आहे. साडेचार फूट रुंद, आणि उंची अशी की मागच्या बाजूला उभं राहिलं तर जिन्याची पायरी डोक्याला लागते. भिंतीभर खिळे, खिळ्यांवर कोऱ्या किल्ल्यांचे झुपके, पुढ्यात किल्ली कापायचं यंत्र, आणि बसायला पाय कापून बुटकं केलेलं स्टूल. शेजारी झेरॉक्सचं दुकान. त्या यंत्राची गरम हवा दिवसभर मावशीच्या उजव्या खांद्यावर येते, आणि त्यावरून तिचं आणि झेरॉक्सवाल्याचं वीस वर्षं भांडण चालू आहे.

हे काम तिला माझ्या आजोबांनी शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, चूक झाली की कानशीचा दांडा बोटांवर बसायचा. तिच्या डाव्या हाताचं मधलं बोट अजून थोडं वाकडं आहे. आजोबा किती कडक होते, त्यामुळेच ती इतकी तयार झाली, असं नातेवाइकांपैकी कोणी म्हणालं की मावशी भडकायची. “मार खाऊन मी किल्ली करायला नाही शिकले,” ती म्हणायची. “मार चुकवायला शिकले. किल्ली नंतर शिकले, ते झोपायला गेले की.”

राग तिच्या नाकावरच असतो. दाराला लाथ मारून मग कुलूप बिघडलं म्हणून आलेल्यांना ती कामाआधी चार शब्द सुनावते. ‘जरा पटकन करा हं’ म्हणणाऱ्याचं काम हमखास शेवटी होतं. पण एकदा कुलूप हातात आलं की तीच बाई अशी शांत होते की बघत राहावं. आतला खटका कुठे अडतोय हे बोटांना कळेपर्यंत ती अर्धा अर्धा तास एका जागी बसते. कुलपावर तिने कधी जोर केलेला मी पाहिला नाही.

पोपट तिच्याकडे आला तोही एका कुलपापायी. एक म्हातारे गृहस्थ एकटे राहत होते. ते दवाखान्यात गेले आणि तिथेच वारले. परगावचा मुलगा आला, पण त्याच्याकडे घराची किल्ली नव्हती. मावशीने दार उघडून दिलं. आत गॅलरीत एक पिंजरा, पिंजऱ्यात राखाडी रंगाचा, लाल शेपटीचा मोठा पोपट. शेजारच्या बाई पंधरा दिवस जाळीतून हात घालून त्याला दाणे आणि पाणी देत होत्या, म्हणून तो जगला होता. छातीवर एक पीस नव्हतं. सगळी स्वतःच उपटलेली. माणूस दिसला की तो चोच उघडून अंगावर यायचा.

“हा चावतो,” मुलगा म्हणाला. “सोडून देऊ का बाहेर?”

“बाहेर कुठे? तिकडे त्याचं सासर आहे का?” मावशी म्हणाली. “पिंजऱ्याबाहेर कधी दाणा शोधला नाही त्याने. उद्या संध्याकाळपर्यंत मांजर खाईल.”

“मग तुम्हीच न्या.”

आणि तिने नेला. भाडं देत नाही, वरून आपल्यावरच डोळे वटारतो म्हणून त्याचं नाव पडलं भाडेकरू.

पहिले तीन आठवडे तिने त्याला काहीही शिकवलं नाही. घरी पिंजऱ्यापासून चार हातांवर स्टूल टाकून ती किल्ल्या घासत बसायची. जाता-येता एक दाणा वाटीत टाकायची आणि त्याच्याकडे न बघता पुढे जायची. पुढे पुढे तो तिची पावलं ऐकून वाटीजवळ येऊन थांबायला लागला. मग तिने एके दिवशी ताटलीत सूर्यफुलाचं बी, शेंगदाणा, मक्याचा दाणा, सफरचंदाची फोड आणि अक्रोडाचा तुकडा असं मांडलं आणि तो आधी काय उचलतो ते पाहिलं. असं चार दिवस केलं, चारही वेळा अक्रोड. त्या दिवसापासून अक्रोड फक्त शिकवणीसाठी. बाकीचं खाणं वाटीत कायम भरलेलं. हे फार महत्त्वाचं आहे, म्हणून पुन्हा लिहिते: वाटी कायम भरलेली.

आता पक्ष्याने बरोबर काही केलं, तर त्याच क्षणी त्याला कळायला हवं की हेच ते. अक्रोड चोचीपर्यंत नेईस्तोवर तो दुसरंच काही करून मोकळा होतो. मावशीने आपल्या पेटीतलं बोटभर पितळी कुलूप घेतलं. त्याचा दांडा दाबला की स्वच्छ ‘टक’ असा आवाज येतो. टक, आणि लगेच अक्रोडाचा कण. टक, अक्रोड. दोन दिवसांत भाडेकरूला कळलं की टक झालं म्हणजे अक्रोड येणारच. मग एक जुनी पेन्सिल पुढे धरायची. तिच्या टोकाला चोच लावली की टक. पेन्सिल जाईल तिकडे तो जायला लागला. पेन्सिल गोल फिरवली तर गिरकी घ्यायला लागला. पाच मिनिटं झाली की शिकवणी बंद, तो कितीही रंगात असला तरी. पिसं फुलवली, डोळ्यांची बाहुली लहान-मोठी करायला लागला, तर त्याआधीच बंद.

“आणि चावला तर?” मी विचारलं होतं.

“चावला तर चूक माझी. तो आधी तीनदा नको म्हणाला असणार, मला दिसलं नाही.”

हे सगळं तिला कोणी सांगितलं असेल असं मला वाटायचं. निम्मं तिने वाचनालयातल्या एका फाटक्या पुस्तकातून घेतलं होतं आणि उरलेलं त्याच्याकडे बघून. आठ महिन्यांत भाडेकरू ताटलीतली किल्ली उचलून खिळ्यावर टांगायला लागला. छातीवर मऊ करडी पिसं आली. ती त्याला सकाळी टपरीवर न्यायला लागली, आणि गिऱ्हाइकं किल्ली विसरून त्यालाच बघत उभी राहायला लागली. एकदा तर पठ्ठ्याने मावशीची नजर चुकवून कुलूप स्वतःच पायाने दाबलं. टक! आणि मान वाकडी करून तिच्याकडे बघत राहिला. टक तर झालं, आता अक्रोड कुठे आहे? त्या दिवशी मी मावशीला डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसताना पाहिलं.

आता त्या दुकानदाराकडे येते. टपरीपासून तीन गल्ल्या पलीकडे त्याचं पाळीव पक्ष्यांचं मोठं दुकान. त्याला सगळे सर म्हणतात. कसले सर ते कोणाला माहीत नाही. दुकानाच्या वर छोटा हॉल आणि दर रविवारी तिथे पोपटांचा शो. पोपट सायकल चालवणार, पोपट झेंडी हलवणार, पोपट गाडी ओढणार. मुलं खूष, आईबाप खूष. आम्हीही एकदा गेलो होतो. मावशी मध्येच उठून आली होती. का ते बोलली नव्हती.

एका शनिवारी संध्याकाळी मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला टपरीवर गेले होते, तेवढ्यात सरांचा निरोप आला. मागच्या खोलीच्या कुलपात किल्ली तुटून अडकलीय, ताबडतोब या. डॉक्टरकडे जाता जाता करू म्हणून आम्ही गेलो. मावशीने तुटलेला तुकडा दहा मिनिटांत ओढून काढला आणि दार उघडलं.

आत अकरा पिंजरे होते. अकरा पोपट असलेली खोली किती गजबजलेली असायला हवी! तिथे चिटपाखरू नसल्यासारखी शांतता. मी पाऊल टाकल्याबरोबर सगळे पक्षी दांड्यांच्या टोकाला सरकले आणि माझ्या हातांकडे बघायला लागले. वाट्या कोरड्या ठणठणीत. प्रत्येकाच्या पायात कडी आणि कडीला साखळी. भिंतीवर फळा, फळ्यावर एकेका पक्ष्याचं वजन लिहिलेलं. मला आधी वाटलं, काय काळजी घेतात हे लोक! मग कळलं, वजन वाढलं की दाणे बंद करायचे, एवढ्यासाठी तो फळा. कोपऱ्यात वेताची छडी, टोकाला रबर गुंडाळलेलं.

“हे रबर कशाला?” मी विचारलं.

“चोचीवर टपली द्यायला. रबराने खूण राहत नाही,” सर सहज म्हणाले. शाळेत खडू कुठे ठेवतात ते सांगावं तसे.

मावशी वाट्यांकडे बघत होती. “या रिकाम्या का?”

“उद्या शो आहे ना. दीड दिवस काही द्यायचं नाही. पोट भरलेला पोपट कोणाचं ऐकतो हो?”

“तुम्ही सकाळी काय खाल्लंत?”

“मी?”

“हो, तुम्ही. उद्या शो तुमचाही आहे.”

सर हसले. पिंजरे साफ करणाऱ्या काकू कोपऱ्यात ओलं फडकं हातात धरून उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत, खाली बघत राहिल्या.

“ताई, तुम्ही किल्ल्या करा,” सर म्हणाले. “ऐकलंय मी, तुमचा पोपट एक किल्ली टांगतो म्हणून. छान आहे. माझे अकरा पोपट गेली बावीस वर्षं लोकांना टाळ्या वाजवायला लावतात.”

बावीस वर्षं तेच अकरा पोपट नव्हते, हे उघड होतं. आधीच्यांचं काय झालं ते विचारायला माझी जीभ वळवळत होती. पण मावशीने माझा हात दाबला.

“यांतला सगळ्यात मठ्ठ कोण?” तिने विचारलं.

“हा हिरवा. ठोंब्या. याला काही म्हणता काही येत नाही.”

“मला द्या सहा आठवडे. पोटभर खाऊ घालून शिकवते. मग तुमच्याच शोमध्ये आणते, लोकांना बघू दे. जमलं तर या वाट्या भरायच्या.”

“आणि नाही जमलं तर?”

“तर तुमचा पोपट तुम्हाला परत.”

सरांना यात गंमत वाटली असावी. शिवाय एका फुकटच्या कार्यक्रमाची सोय झाली. ते हो म्हणाले. साखळी मात्र सोडायची नाही ही त्यांची अट. दुकानाच्या दारातून बाहेर पडल्यावर मावशीने पहिलं काम केलं ते पेटीतून पक्कड काढून साखळी तोडायचं. डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ गेली ती गेलीच.

ठोंब्या हे नाव तिने तोंडून काढलं नाही. तिच्या घरी तो झाला पाहुणा. पहिले नऊ दिवस तो नुसता खात होता. वाटीत दाणे आहेत यावर त्याचा विश्वासच बसायचा नाही. खाऊन मागे सरकायचा, पुन्हा येऊन वाटीत बघायचा. मी ते बघायचे आणि त्या फळ्यावरचे आकडे आठवून माझं डोकं तडकायचं. दहाव्या दिवशी त्याने पेन्सिलीला चोच लावली. टक, अक्रोड. पाचव्या आठवड्यात तो टेबलाच्या या टोकापासून त्या टोकाला चालत जाऊन लाकडी कडी उचलायचा, आणून खुंटीवर घालायचा आणि एक गिरकी घ्यायचा. मठ्ठ म्हणे!

ठरलेल्या रविवारी हॉल भरलेला होता. मावशीने टेबलावर आधी दाण्यांची भरलेली वाटी ठेवली. पाहुण्याने सगळ्यांसमोर निवांत खाल्लं. लोकांना मौज वाटली. मग तिने कडी आणि खुंटी मांडली, आणि तेवढ्यात सर पुढे आले. एका हातात माईक, दुसऱ्या हातात ती छडी. मुद्दाम आणली होती असं माझं मत आहे. मावशी म्हणते, सवयीने आणली असेल. मला तिचं म्हणणं आजही पटत नाही.

पाहुण्याने छडी पाहिली आणि तो पेन्सिलीएवढा बारीक झाला. सगळी पिसं अंगाला चिकटलेली, मान ताठ, डोळा छडीवर. हलेना.

“पोट भरलंय साहेबांचं!” सर माईकवर म्हणाले. हॉल खदखदून हसला.

“ती छडी बाहेर ठेवा,” मावशी म्हणाली.

सरांनी छडी शेजारच्या खुर्चीवर ठेवली. तिथून ती पाहुण्याला आणखीच चांगली दिसत होती. मावशी गुडघ्यांवर बसली, टेबलाच्या कडेशी तोंड येईल इतकी खाली, आणि थांबली. एक मिनिट. दोन. मुलं चुळबुळ करायला लागली, मागून कोणीतरी शिट्टी वाजवली. पाहुण्याने एक पाऊल टाकलं. फक्त एक. मावशीने कुलूप दाबलं, टक, आणि अक्रोडाचा मोठा तुकडा त्याला दिला. मग त्याला खांद्यावर घेऊन ती उभी राहिली.

“आज त्याला नको आहे,” ती लोकांना म्हणाली. “त्याने एक पाऊल टाकलं, तेवढं पुष्कळ झालं.”

“मंडळी, आमचे पक्षी कधी नको म्हणत नाहीत!” सर ओरडले आणि सायकलवाला पोपट आणला. टाळ्यांचा कडकडाट.

“तुमचा तर पोपट झाला हो आज,” झेरॉक्सवाला दुसऱ्या दिवशी म्हणाला. मावशीने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याने दिवसभर आपलं यंत्र बंद ठेवलं.

पण खरं सांगते, त्या दिवशी घरी येताना मी मावशीवरच चिडले होते. “थोडंसं पुढे ढकललं असतं तर त्याने केलं असतं. त्या माणसाचं तोंड बंद झालं असतं!”

“ढकलायचंच होतं तर तिथेच राहू द्यायचा होता की,” ती म्हणाली, आणि रागाने माझ्या चार पावलं पुढे चालायला लागली.

शब्द दिला होता, तो पाळावा लागला. सोमवारी सरांनी काकूंना टपरीवर पाठवलं पाहुण्याला न्यायला. मावशीने पिंजरा त्यांच्या हातात दिला नाही, आधी त्यांना समोरच्या बाकड्यावर बसवलं.

“तुम्ही रोज त्यांच्या वाट्या धुता ना? मग त्या रिकाम्याच परत ठेवताना तुमचा हात का नाही थांबत?”

काकूंचे डोळे भरून आले. “मला नोकरी आहे ही, ताई. दोन वेळा मी चोरून दाणे घातले, तर वजनात कळलं. मलाच बोलणी बसली.”

मावशीचा पारा तिथे उतरला. एवढा उतरला की मी बघतच राहिले. तिने चहा मागवला. मग भाडेकरूला टेबलावर घेऊन काकूंना म्हणाली, “बघा. एकदाच दाखवते. मग तुम्ही करायचं.”

त्या दिवसापासून काकू कामावर जाताना दहा मिनिटं टपरीवर थांबायला लागल्या. कुलूप उशिरा दाबायच्या, अक्रोड दाखवून पक्ष्याला ओढायला बघायच्या. मावशी त्यांना एकदाही ओरडली नाही. चांगलं जमलं की म्हणायची, “बरोबर, आत्ता केलंत तसं.” माझ्यावर मात्र छत्री विसरले म्हणून ओरडायची. महिन्याभराने तिने एक छोटं पितळी कुलूप काकूंना देऊन टाकलं. त्या ते कामाच्या अंगरख्याच्या खिशात ठेवायच्या.

मग काय झालं, तर सर सकाळी हिशोबात आणि गिऱ्हाइकांत गुंतलेले असताना मागच्या खोलीत टक टक सुरू झालं. तीन महिन्यांनी एका रविवारी पाहुण्याने शोमध्ये आपणहून कडी खुंटीवर घातली, गिरकी घेतली. पोट भरलेलं होतं, कारण त्या दिवशी काकूंनी वाटी भरली होती आणि छडी फडताळात कोंबली होती.

“हे कोणी शिकवलं?” सरांनी विचारलं.

“शिकला आपला,” काकू म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

सर हुशार आहेत, हे मान्य करायला हवं. पोट भरलेला पक्षी जास्त चांगलं करतो, गिऱ्हाइकांना चावत नाही, पिसं चमकतात, हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. फळ्यावरची वजनं पुसली गेली. वाट्या भरल्या गेल्या. आणि वर्षभरात दुकानावर नवी पाटी लागली: ‘प्रेमाने शिकवा. आमच्या पद्धतीने.’ आमच्या! त्या पाटीखालून मी तीन महिने जात होते आणि रोज मनातल्या मनात ती उतरवत होते.

मग त्यांनी पहिलं व्याख्यान ठेवलं, वरच्या हॉलमध्ये. चाळीस खुर्च्या भरल्या. मी मावशीला म्हटलं, जाऊ नकोस, तुझंच डोकं फिरेल. ती दुपारची टपरी बंद करून गेली. आयुष्यात तिने दुपारची टपरी दोनदा बंद केली, एकदा आजोबा गेले तेव्हा आणि एकदा त्या दिवशी.

सर स्टीलचं एक चपटं यंत्र बोटांत धरून टकटक करत सांगत होते, “माझ्या तेवीस वर्षांच्या अनुभवातून मी शिकलो, की पक्ष्याला भुकेने नाही, आनंदाने शिकवायचं.” लोक वहीत उतरवून घेत होते. प्रश्नांची वेळ आली आणि मावशी उभी राहिली.

“ही पद्धत तुम्हाला कोणी शिकवली?”

सरांनी ओळखलं. चेहऱ्यावरचं हसू हललं नाही. “अनुभवाने, ताई.”

“कोणाच्या अनुभवाने? उपाशी राहिलेल्या पोपटांच्या?”

हॉलमध्ये कुजबुज झाली. सर म्हणाले, “आपण सगळेच शिकत असतो. जुन्या गोष्टी कशाला उकरायच्या?”

“बरं, नवीन विचारते. पायातल्या साखळ्या निघाल्या का?”

“अर्थातच. केव्हाच.”

“नाही.”

हे मागून आलं. काकू दाराशी पाण्याचे पेले घेऊन उभ्या होत्या. त्यांनी पेल्यांचा ट्रे खुर्चीवर ठेवला. “अजून आहेत. सगळ्यांच्या, पाहुण्यालाही नवी घातलीय. मागच्या खोलीत येऊन बघा कोणीही.”

चाळीसातले बरेचसे तिथूनच घरी गेले. लोकांना भानगड नको असते. सात-आठ जण मात्र खाली उतरले, त्यांत जनावरांची एक डॉक्टरीण होती. सरांनी दारात हात आडवा केला. “हे माझं खाजगी आहे.”

“कुलूप मीच दुरुस्त केलंय,” मावशी म्हणाली. “उघडता की उघडू?”

त्यांनी उघडलं.

पुढचे दोन तास मावशी पक्कड घेऊन साखळ्या आणि कड्या कापत होती. काकू एकेका पक्ष्याला टॉवेलात हलकेच धरायच्या, डॉक्टरीण पाय बघायची. एका म्हाताऱ्या पोपटाच्या पायात कडी इतकी रुतली होती की खालची कातडी पांढरी पडली होती. ती काढताना मावशीच्या तोंडून जे शब्द निघाले ते मी लिहू शकत नाही. तिचे हात मात्र कुलपावर असतात तितकेच शांत होते. शेवटची कडी पडली तेव्हा बादलीचा तळ झाकलेला होता.

सर भिंतीला टेकून उभे होते. “मला इतकं माहीत नव्हतं,” ते म्हणाले. “असो. मीही शिकतोय.”

“शिकतोय नाही,” मावशी म्हणाली. “चुकलो म्हणा. तीन अक्षरं आहेत, जड नाहीत.”

ते काहीतरी पुटपुटले. ती तीन अक्षरं नव्हती, मी अगदी जवळ होते. वर्तमानपत्रात दोन दिवसांनी बातमी आली, ‘दुकानदाराने स्वतःहून पक्ष्यांच्या बेड्या तोडल्या.’ फोटोत मावशीची पाठ आणि पक्कड धरलेला एक हात. नाव नाही. मी वर्तमानपत्राच्या कचेरीत फोन केला, तर पलीकडचा माणूस म्हणाला, “बाई, आता चूकभूल छापायला जागा नाही.”

म्हातारा पोपट डॉक्टरीणबाईंकडे गेला. बाकीचे दुकानातच आहेत, पाहुणासुद्धा. काकूंना सरांनी काढलं नाही, कारण काढलं असतं तर शिकवणार कोण? मावशी दर महिन्याला, कधी ते न कळवता, मागच्या खोलीत जाऊन पाय आणि वाट्या बघून येते. सर तिला अडवत नाहीत. चहा विचारतात. ती घेत नाही.

ती आता सत्तरीला आली आहे. मंगळवारी दुपारी कोणीही आपला पक्षी टपरीवर घेऊन यावा, ती दाखवते. त्याबद्दल ती काही घेत नाही, पण बोलणी भरपूर देते. काल एक गृहस्थ पिंजरा घेऊन आले. वर काळा कपडा टाकलेला.

“हा बोलतच नाही हो. ओरडला की मी कपडा टाकतो, कालपासून टाकून ठेवलाय. तरी सुधारणा नाही. याला बोलायला शिकवा.”

मावशीने कानस खाली ठेवली आणि चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

“अंधारात कोंडून ठेवलेल्याने तुम्हाला काय सांगावं असं तुम्हाला वाटतं?”

गृहस्थ गोरेमोरे झाले. “नाही, म्हणजे... कोणीतरी सांगितलं म्हणून.”

“आधी तो कपडा काढा,” मावशी म्हणाली, आणि शेजारी जागा करून दिली. “आणि बसा. वेळ लागेल.”